जुन्या चांदीची घडणावळ

सराफाच्या तराजूत जुनी वस्तू पडली की तिचे नाव संपते. अत्तरदाणी असो, गुलाबदाणी असो, की नातवाच्या बारशाला आजोळहून आलेला खुळखुळा असो, त्या क्षणापासून ती केवळ अमुक इतके ग्रॅम मोड होते, आणि त्या वजनातून झाळ, मळ व कस यांच्यापोटी घट वजा जाऊन जो आकडा उरतो तोच तिचा अखेरचा हिशेब ठरतो. या व्यवहारात लबाडी काही नाही. सराफ धातूचा भाव देतो, आणि धातूचा भाव वजनावरच ठरायचा. परंतु ती वस्तू ज्या दिवशी घरात आली त्या दिवशी आपल्या वडीलधाऱ्यांनी चांदीच्या किमतीवर जी घडणावळ मोजली होती, म्हणजे कोणा कारागिराने ठसे आणि हातोडी घेऊन कित्येक दिवस जे श्रम केले होते, त्यांचा एक पैसाही मोडीत परत येत नाही, आणि मुशीत चांदी वितळली की ते श्रम कायमचे नाहीसे होतात. मोडकी, विजोड किंवा वापरातून गेलेली चांदी मोडीत न देता तिच्यापासून घराच्या शोभेच्या वस्तू आपल्या हातांनी कशा कराव्यात हे या लेखात सांगावयाचे आहे, आणि ते सांगण्यामागे हेतू एवढाच की जी घडणावळ एकदा मोजून झाली आहे ती शक्य तोवर राखली जावी.

हे शहाणपण मला उशिरा आले. आमच्या आजोळी चार भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा जमीन, वाडा, तांब्यापितळेची भांडी यांची विभागणी बिनतक्रार झाली. अडले ते एका चांदीच्या पानदानापाशी. वस्तू एक आणि हिस्सेदार चार, यास्तव सर्वानुमते ते मोडले, आणि आलेली रक्कम चौघांनी समान वाटून घेतली. त्या पानदानाला वेलबुट्टीचे तबक होते, उठावाचे काम केलेले झाकण होते, आत कात, चुना, लवंग, वेलदोडे ठेवण्याच्या सहा डब्या होत्या. एकाला तबक, दुसऱ्याला झाकण, उरलेल्या दोघांना तीन तीन डब्या, अशी वाटणी त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली असती तर आज चार घरांच्या भिंतींवर आणि कोनाड्यांत तिची शोभा दिसली असती. पानदान म्हणून ती वस्तू तेव्हाच निरुपयोगी झाली होती, कारण घरात पान खाणारे कोणी उरले नव्हते. परंतु पानदान म्हणून निरुपयोगी झालेली वस्तू चांदीकाम म्हणून निरुपयोगी होत नाही, हा भेद आम्हांपैकी कोणीही केला नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी घरातील सर्व चांदी एका स्वच्छ पंचावर मांडावी आणि तिच्या तीन वाटण्या कराव्यात. पहिल्या वाटणीत धडधाकट वस्तू आणि नाव घातलेल्या वस्तू ठेवाव्यात. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल आहे. कोणी कोणास, कोणत्या प्रसंगी, कोणत्या तिथीस दिले हे तांब्याच्या काठावर किंवा ताटाच्या पाठीवर टोच्याने कोरलेले असते, आणि अनेक कुटुंबांत आजीचे माहेरचे नाव फक्त अशा एखाद्या फुलपात्रावरच शिल्लक राहिलेले असते. असे भांडे हा कुटुंबाचा दस्तऐवज आहे. त्याला भोक पाडू नये, कानस लावू नये, ते वाकवू नये. त्याची सजावट करावयाची तर ते जसे आहे तसे मांडूनच. दुसऱ्या वाटणीत खऱ्या चांदीच्या पण मोडक्या अथवा विजोड वस्तू येतात: जोडीतले एकच उरलेले पैंजण, फिरकी तुटलेल्या तोरड्या, मान मोडलेली गुलाबदाणी, झाकण हरवलेला करंडा, बाळाच्या बिंदल्या, साखळीचे तुकडे. तिसरी वाटणी मुलाम्याच्या वस्तूंची. त्यात विलायती धर्तीचे काटेचमचे, चहाचा सरंजाम, जिमखान्याच्या स्पर्धांत मिळालेले चषक हे सर्व येईल. करवत आणि गिरमिट ही हत्यारे फक्त या तिसऱ्या वाटणीसाठी आहेत, हा नियम प्रथमच मनाशी पक्का करावा.

जुने रुपये सापडले तर ते या तिन्ही वाटण्यांतून बाजूला काढावेत. राणीछाप आणि राजाछाप रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. १९४० पासून हे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. रुपयांना कडी लावून माळ करण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु साल वाचल्याशिवाय नाण्याला भोक पाडणे म्हणजे मोठी हानी ओढवून घेणे होय. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गिल्ला झाला व पुढच्याच वर्षी ते चित्र सुधारावे लागले; १९३९ चा रुपया तर संग्राहक विशेष शोधत असतात. अशी नाणी घासूही नयेत, कारण घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

परदेशी असलेल्या मुलाबाळांकडे एखादी वडिलोपार्जित वस्तू पाठवण्याचा विचार असेल त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्यान्वये शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलात्मक वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. वयाविषयी शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा.

चांदी खरी की मुलाम्याची हे ओळखण्यासाठी प्रथम वस्तूच्या पाठीवरील छाप वाचावा. '९२५' हा आकडा असेल तर हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी आणि उरलेले बहुधा तांबे असे समजावे. आपल्याकडे मानक ब्यूरोने चांदीवर हॉलमार्कची मुद्रा देण्यास २००५ मध्ये प्रारंभ केला, त्यामुळे त्यापूर्वीच्या देशी वस्तूंवर ती सापडणार नाही. फार तर पेढीचा ठसा सापडेल. इंग्लंडमध्ये घडलेल्या वस्तूवर पाऊल उचललेला सिंह असेल तर चांदी अस्सल, आणि त्याशेजारी जहाजाचा नांगर असेल तर ती बर्मिंगहॅमला तपासलेली आहे. उलटपक्षी ई. पी. एन. एस. ही चार रोमन अक्षरे दिसली तर तो विजेच्या साहाय्याने चढवलेला मुलामा होय. ही पद्धत बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये स्वामित्वाधिकाराने बद्ध केली आणि तिच्यामुळे साहेबी थाटाचे काटेचमचे मध्यम स्थितीतील घरांच्याही आवाक्यात आले. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर असे विजोड चमचे आजही मिळतात. मुलाम्याखालचा धातू म्हणजे जर्मन सिल्व्हर, ज्यात तांबे, निकेल आणि जस्त असते. नावात चांदी असली तरी धातूत ती नसते.

छाप नसेल तर पाण्याची परीक्षा घरच्या घरी करता येते. स्वयंपाकघरातील विजेच्या काट्यावर पाण्याने अर्धे भरलेले भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा. मग परीक्षेची वस्तू दोऱ्याला बांधून तळाला किंवा बाजूला न टेकेल अशा बेताने पाण्यात पूर्ण बुडवून धरावी. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर त्या वस्तूचे आकारमान. वस्तूचे कोरडे वजन त्या आकड्याने भागले असता उत्तर १०.३ ते १०.५ च्या आसपास आले तर चांदी असण्याचा संभव मोठा. जर्मन सिल्व्हरचे उत्तर साधारणतः ८.७ च्या घरात येते. उदाहरणार्थ १०५ ग्रॅमच्या चांदीच्या पळीने काटा दहा ग्रॅम दाखवील, तर तेवढ्याच वजनाची जर्मन सिल्व्हरची पळी बारा दाखवील. पोकळ मुठीच्या, लाख भरलेल्या किंवा खडे बसवलेल्या वस्तूंना ही परीक्षा लागू पडत नाही. तेजाबाची परीक्षा मात्र सराफाकडेच करवून घ्यावी. ते काम घरात करण्याचे नव्हे.

यानंतर स्वच्छतेचा प्रश्न येतो, आणि या विषयात आपल्या घराघरांतून जितकी चांदी झिजली असेल तितकी चोरीलाही गेली नसेल. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. तिच्या पृष्ठभागावर चांदी आणि गंधक यांचे संयुग तयार होते, म्हणजे तो काळा थर हाही अंशतः चांदीच असतो. रांगोळीने, दंतमंजनाने किंवा राखेने खसखसून घासले की तो थर जातो आणि त्याबरोबर चांदीही जाते. दर दिवाळीस अशी घासणी झालेल्या पंचपात्रीवरील दशावतार पन्नास वर्षांत ओळखू येईनासे होतात. याहून सौम्य मार्ग असा: एका काचेच्या अगर चिनीमातीच्या भांड्यात तळाशी ॲल्युमिनियमचा कागद चकाकती बाजू वर करून पसरावा, वस्तू त्याला टेकेल अशी ठेवावी, एक लिटर कढत पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा व तितकेच मीठ विरघळवून ते वर ओतावे. पाच-दहा मिनिटांत गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जाते, किंचित घाण वास येतो, आणि चांदी न झिजता उजळते. वस्तू बाहेर काढून साध्या पाण्याने पुष्कळ धुवावी, कारण मिठाचा अंश राहिला तर तो चांदीला खातो, आणि जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने टिपून पूर्ण कोरडी करावी.

हा उपाय सरसकट वापरू नये. जिथे कारागिराने नक्षीच्या खोलगट भागात काळेपणा मुद्दाम ठेवला आहे तिथे तो काळेपणा हीच नक्षीची छाया असते. मी स्वतः एका जाळीच्या अत्तरदाणीला असे स्नान घालून तिची सारी पाने-फुले एका पांढुरक्या सपाटीत बुडवली आहेत, आणि तो अपराध अद्याप मनाला लागून राहिला आहे. अशा वस्तू रिठ्याच्या कोमट पाण्याने व मऊ कुंचल्याने धुवाव्यात, आणि फक्त उठलेले भाग कापडाने पुसावेत. बिदरीच्या वस्तूला तर याही पाण्यात बुडवू नये. तिचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे, चांदी फक्त तारेपुरती आणि पत्र्यापुरती, आणि काळा रंग हाच तिचा प्राण आहे. विलायती सुऱ्यांच्या पोकळ मुठीत राळेसारखा पदार्थ भरलेला असतो, त्या कढत पाण्यात टाकल्यास पाते सुटते, आणि विस्तवावर धरल्यास आतली हवा फुगून मूठ फुटते व इजा होते.

आता प्रत्यक्ष कृतींकडे वळू. मला सर्वांत प्रिय असलेली कृती प्रथम सांगतो, ती म्हणजे चमच्यांची प्रभावळ. गणपतीच्या मखरासाठी दरवर्षी थर्मोकोल आणि चमकीचा कागद आणून अकराव्या दिवशी तो केरात टाकण्यापेक्षा घरातील विजोड चमच्यांची सूर्यकिरणांसारखी मांडणी केली तर ती एक फूट उंचीच्या मूर्तीमागे फार शोभते, आणि उत्सव संपला की चमचे पुन्हा चमचेच राहतात. यासाठी सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा चाळीस सेंटिमीटर त्रिज्येचा अर्धवर्तुळाकार तुकडा कापून घ्यावा आणि त्यावर गर्द निळी अथवा काळसर जांभळी सुती मखमल ताणून पाठीमागे खिळून टाकावी. लोकरीचे कापड वापरू नये, कारण लोकरीत गंधक असते. व्यासाच्या मध्यबिंदूपासून पंधरा सेंटिमीटर त्रिज्येचे एक अर्धवर्तुळ खडूने काढावे. त्यावर वीस सेंटिमीटर लांबीचे सतरा मोठे चमचे, दांड्या आत आणि खोलगट भाग बाहेर, असे मांडावयाचे आहेत. सतरा चमच्यांमध्ये सोळा अंतरे पडतात, म्हणून प्रत्येक चमचा शेजारच्यापासून सव्वाअकरा अंशांवर येईल. या हिशेबाने आतल्या बाजूस दोन दांड्यांमध्ये बोटभराहून कमी फट राहते आणि बाहेर चमच्यांच्या वाट्या सुमारे दोन सेंटिमीटर अंतराने सुट्या दिसतात. सतरा नसतील तर तेरा घ्यावेत व अंतर पंधरा अंशांचे ठेवावे. सर्व चमचे एकाच नमुन्याचे नसले तरी बिघडत नाही, मात्र लांबी सारखी असावी, आणि वेगळ्या नक्षीचे चमचे एकाआड एक घालावेत, म्हणजे विजोडपणा हीच रचना वाटू लागते.

प्रत्येक चमच्याला दोन ठिकाणी बांधावे: एकदा मानेशी, एकदा दांडीच्या टोकापासून दोन बोटांवर. चमच्याच्या दोन्ही अंगांस प्लायवुडला बारीक छिद्रे पाडून अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार त्यातून ओवावी आणि पाठीमागे पीळ द्यावा. तार चमच्याला कापू नये म्हणून तिच्यावर आधी पांढरा सुती दोरा गुंडाळून घ्यावा. रबराचे बंद कदापि वापरू नयेत. रबरात गंधक असते, आणि रबर लावून ठेवलेल्या चमच्यावर त्याचा काळा पट्टा उमटतो तो सहजासहजी जात नाही. वाट्यांची आतली बाजू पुढे ठेवावी की पाठ, याविषयी मतभेद होऊ शकतो. माझे मत आतल्या बाजूस आहे, कारण समईची ज्योत त्या प्रत्येक खोलगट भागात उलटी उमटते आणि मूर्तीमागे सतरा ज्योती तेवत असल्यासारख्या दिसतात. समई मात्र प्रभावळीपासून हातभर पुढे असावी, नाहीतर काजळी धरते. विसर्जनानंतर तारा सोडाव्यात, चमचे कोमट पाण्याने धुऊन पुसून ठेवावेत, आणि मखमलीची पाटी कापडात गुंडाळून पुढील भाद्रपदापर्यंत माळ्यावर टाकावी.

दुसरी कृती खुंट्यांची. मुलाम्याचे जाड दांडीचे चमचे आणि काटे वाकवून किल्ल्या, छत्र्या किंवा पडदे अडकवण्याच्या सुरेख खुंट्या होतात. धातू थंडच वाकवावा. तापवल्यास मुलामा डागाळतो. एक इंच व्यासाचा लाकडी दांडा शेगड्यात घट्ट आवळावा, चमच्याची दांडी चामड्याच्या तुकड्यात लपेटावी, आणि तिचा शेवटचा दोन इंचांचा भाग त्या दांड्यावरून सावकाश, एकाच दाबाने, एकाच दिशेने वळवावा. वाकवलेले पुन्हा उलटे वाकवू नये. वाकवल्याने धातू कठीण होत जातो, आणि उलटसुलट वाकवल्यास बाकावर प्रथम पांढऱ्या रेषा दिसतात व मग तो तडकतो. हातोडी वापरावीच लागली तर ती लाकडी असावी. चमच्याच्या खोलगट भागात टोच्याने खळगा करून, तेलाचा थेंब सोडून, मंद गतीने तीन मिलिमीटरची दोन छिद्रे पाडावीत. डोळ्यांना चष्मा अवश्य असावा, कारण धातूचा कीस उडतो. मुलाम्याचा थर कागदाहूनही कितीतरी पातळ असल्याने छिद्राच्या काठाशिवाय अन्यत्र कानस लावू नये. जुन्या सागवानी चौकटीची साठ सेंटिमीटरची फळी मिळाली तर तिच्यावर अशा पाच खुंट्या बसतात. स्क्रू पितळेचे घ्यावेत. लोखंडी स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात गंजून फळीवर तांबडे ओघळ आणतात.

काटेचमचे टांगून वाऱ्यावर किणकिणणारे झुंबरही करता येते. त्यात एकच गोष्ट महत्त्वाची आहे: चमचा टोकाशी टांगला तर नाद दबतो. दांडी हलक्या चिमटीत निरनिराळ्या ठिकाणी धरून दुसऱ्या चमच्याने टकटक करून पाहावे, आणि जिथे धरले असता नाद सर्वांत लांब टिकतो तिथेच छिद्र पाडावे. ते ठिकाण बहुधा टोकापासून लांबीच्या पाव भागाच्या आसपास सापडते.

तिसरी कृती दुसऱ्या वाटणीतील चांदीसाठी, आणि तिच्यात हत्यार म्हणून फक्त सुई लागते. विजोड पैंजण, तोरड्या, साखळ्या, छल्ल्याच्या लडी, बिंदल्या, जोडवी यांचे देवघराच्या दारासाठी तोरण करावे. कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या जी पैंजणे घडवली त्यांतली किती तरी फिरकी तुटल्याच्या किंवा जोडीदार हरवल्याच्या कारणाने डब्यांत पडून असतात, वस्तुतः त्यांची कडी न् कडी शाबूत असते. देवघराची रुंदी साठ सेंटिमीटर असल्यास तेवढ्याच लांबीची खणाची दुहेरी पट्टी शिवून घ्यावी. खण नवा असेल तर आधी एकदा धुवावा, म्हणजे दमट हवेत रंग सुटून चांदीवर चढणार नाही. पट्टीच्या खालच्या काठावर दर चार सेंटिमीटरवर खूण केली असता दोन्ही टोकांसह सोळा खुणा होतात. दोन्ही कडांना सर्वांत लांब लडी आणि मध्याकडे क्रमशः आखूड, अशी कमान साधावी. पैंजण तोडू नये. ते मध्यावर दुमडून त्याची दोन्ही टोके एकाच खुणेवर टाचावीत, म्हणजे त्याची एक लड होते आणि घुंगरू खाली लोंबतात. जोडवी आणि बिंदल्या मधल्या आखूड लडींच्या टोकांना गोंड्यांप्रमाणे बांधाव्यात. मेण ओढलेल्या पांढऱ्या सुती दोऱ्याने प्रत्येक लड तीन टाक्यांनी टाचावी, आणि पाठीमागून दुसरी खणाची पट्टी लावून टाके झाकावेत. उद्या घरात लेक-सून हौसेने पैंजण मागू लागली तर टाके उसवून, फिरकी बसवून ते तिच्या पायांत घालता येईल. एकही कडी कापलेली नसेल. स्वयंपाकघराच्या दारावर मात्र हे तोरण लावू नये, वाफ, कांदा आणि गॅसचा धूर यांनी ते महिन्याभरात काळवंडते.

मान मोडलेल्या गुलाबदाणीच्या पोटात काचेची अरुंद नळी उतरवून तीत एखादे निशिगंधाचे फूल ठेवावे. पाणी चांदीला लागू देऊ नये, यासाठीच ती नळी. फुलपात्रात मनीप्लँट ठेवावयाचे झाल्यास तिथेही आत काचेचा पेला हवाच. तबकाला भोक न पाडता भिंतीवर लावण्यासाठी पाठीमागून पितळी तारेचा चौपेडी आकडा करावा, त्याच्या चार बोटांनी काठ धरला जातो. पानदानाच्या झाकणासारखे उठावाचे काम असलेले तुकडे चौकटीत बसवताना काच आणि चांदी यांच्यामध्ये बोटाएवढे अंतर राखावे आणि पाठीला डिंक किंवा चिकटपट्टी न लावता त्यांना दोऱ्याने टाचावे.

झाळकामाविषयी एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. तुटलेला भाग जोडण्यासाठी कित्येकजण रेडिओ दुरुस्तीची कथील-शिशाची झाळ चांदीला लावतात. ती लागते सहज, पण पुढे कधी त्या वस्तूला सराफाने आच दिली तर ते शिसे चांदीत शिरून तिला खळगे पाडते, आणि दुरुस्तीस आलेली वस्तू हातची जाते. चांदीला चांदीचीच झाळ हवी, आणि ती टाकणखार लावून भट्टीच्या आचेवर देण्याचे काम ज्याच्या हाताला आहे त्याच्याकडूनच करवून घ्यावे. पोचे काढण्याचे कामही तसेच. पुण्याच्या तांबट आळीत तांब्यावर मठारकाम करणाऱ्यांचे हात पाहिले म्हणजे हातोडीचा घाव किती जोखून द्यावा लागतो हे कळते. दोन-चारशे रुपये मजुरी वाचवण्यासाठी शंभर वर्षांची घडणावळ धोक्यात घालू नये. याच पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या, कळशा अशा रोजच्या वापरातून गेलेल्या वस्तू गावोगाव फिरून जमवल्या. त्यांचे संग्रहालय एकदा निवांतपणे पाहून यावे, आणि मग घरातली कोणती वस्तू कापावयाची याचा निर्णय करावा. बहुतेकांचा निर्णय बदलतो असा माझा अनुभव आहे.

सजावटीत नसलेली चांदी धुतलेल्या मऊ मलमलीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आत दोन-तीन खडू टाकावेत म्हणजे दमटपणा शोषला जातो, आणि वर्तमानपत्राचा कागद टाळावा.

शेवटचे काम लेखणीचे आहे, आणि ते टाळू नये अशी वाचकांना कळकळीची विनंती आहे. प्रत्येक सजावटीमागे एक पाकीट ठेवावे. त्यातील चिठ्ठीत त्या वस्तूंचा तपशील शाईने लिहावा: पैंजण कोणाचे, कोणत्या गावच्या सराफाकडून घेतले, जोडीतले दुसरे कुठे गेले, कोरडे वजन किती, आणि तोरण कोणी व कोणत्या साली केले. घरात जी सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती असेल तिच्याजवळ बसून ही माहिती आजच विचारून घ्यावी; वजन काट्यावर केव्हाही कळेल, उरलेले कळणार नाही.